रेघेचा चढ

मराठीत ‘चढ’ हा शब्द मोठा उद्योगी आहे. ताप चढतो, पारा चढतो, आवाज चढतो, सोन्याचा भाव चढतो. नवरदेव बोहल्यावर चढतो आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांनी त्याच नवरदेवाचा रक्तदाब चढतो. ‘उतार’ हा त्याचा पाठीराखा. तापाला उतार पडतो, वयाला उतार लागतो. आम्हा मराठीच्या अध्यापकांचे आयुष्य असल्या शब्दांच्या मागे हिंडण्यात जाते, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नसते. परंतु हाच शब्द पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शिरला म्हणजे चांगल्या हुशार मुलाला कसा चकवतो, ते मी यंदा साताऱ्यास पाहिले. आणि तो धागा धरून जे जे सापडत गेले, ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे. शास्त्राचे नाव निघताच पान उलटणाऱ्यांना एवढीच विनंती, की पुढे आगगाडी आहे, वाण्याची यादी आहे आणि कृष्णामाईचा पूरही आहे.

साताऱ्यास माझी धाकटी बहीण असते. तिचा मुलगा नववीत. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. त्याच्या वहीत एक आकृती होती. आडव्या रेघेवर वेळ मांडलेली, उभ्या रेघेवर घरापासूनचे अंतर. आणि मधली रेघ आधी तिरपी वर गेलेली, मग थोडी सपाट चाललेली, मग तिरपी खाली आलेली. प्रश्न असा, की या सायकलस्वाराच्या प्रवासाचे वर्णन करा. चिरंजीवांनी लिहिले होते, ‘सायकलवाला आधी घाट चढला, मग पठारावरून सरळ गेला आणि शेवटी घाट उतरला.’ बाईंनी त्यावर तांबडी फुली मारून पूज्य दिले होते, आणि त्या पूज्यावरून घरात दोन दिवस अबोला चालू होता.

“मामा, तुम्हीच सांगा, यात काय चुकलं?” तो म्हणाला. “आपण यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर जातो आणि परत येतो, तसंच हे चित्र आहे की नाही?”

उत्तर म्हणून ते मला फारच आवडले. अजिंक्यताऱ्याच्या सावलीत वाढलेल्या पोराने तिरपी रेघ पाहून घाट म्हणावे, यात नवल कसले? मुंबईच्या मुलाला कदाचित उड्डाणपूल दिसला असता. परंतु ती आकृती हे रस्त्याचे चित्र नव्हते. ती हिशेबाची वही होती. अमुक वाजता घरापासून किती लांब, तमुक वाजता किती लांब, असे ठिपके मांडून ते जोडलेले. रस्ता टेबलासारखा सपाट असला तरी ही रेघ वर जाईल, कारण सायकलवाला घरापासून दूर दूर चालला आहे. रेघ सपाट झाली, म्हणजे घड्याळ पुढे सरकते आहे पण अंतर बदलत नाही. गडी कुठे तरी थांबला आहे, बहुधा चहाला. रेघ खाली आली, म्हणजे घराकडे परतला. पठार म्हणून ज्याचे वर्णन झाले होते तेथे पायंडल एकदाही फिरलेले नव्हते!

मग आम्ही आकडे घातले. पहिल्या १० मिनिटांत तो २ किलोमीटर गेला. म्हणजे तासाला १२ किलोमीटर. पुढे २० मिनिटे थांबला. परत येताना तेच २ किलोमीटर त्याने ५ मिनिटांत कापले, तासाला २४ च्या हिशेबाने. जाताना रेघ निवांत तिरपी, येताना खडी. किती अंतर बदलले आणि ते बदलायला किती वेळ लागला, या दोहोंचा भागाकार म्हणजे रेघेचा चढ. आणि तो चढ म्हणजेच चाल. चढ उलटा, म्हणजे रेघ उतरती, असला तर गती उलट दिशेची. पुस्तकात दिशेसकट मोजलेल्या चालीला ‘वेग’ म्हणतात. बोलण्यात आपण चाल आणि वेग यांत फरक करीत नाही, बाईंना मात्र तो हवा असतो.

खरा घोटाळा याच्याही खाली दडलेला आहे. डोंगराच्या मुलुखात अनुभव उलटा असतो. खंबाटकीचा घाट चढताना एस.टी. कण्हत, खालच्या गिअरात, मागच्या मोटारींचे शिव्याशाप घेत सरकते. चढ जितका खडा तितकी गाडी हळू. कागदावर मात्र रेघ जितकी खडी तितकी गाडी पळते आहे. ज्याने आयुष्यभर चढणीला धाप लागते एवढेच पाहिले, त्याला हा कागद उलट्या जगातला वाटणारच. बाईंनी फुली मारण्याआधी हे एक वाक्य बोलून दाखवले असते, तर माझ्या बहिणीच्या घरातला अबोला टळला असता असे मला वाटते. अर्थात एका वर्गात पन्नास-साठ मुले असली म्हणजे वाक्ये किती बोलायची यालाही मर्यादा आहेच.

ही फसगत एकट्या साताऱ्याची नव्हे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमट या विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या मुलांचे असलेच गोंधळ वर्षानुवर्षे तपासले आणि १९८७ साली त्यावर एक गाजलेला लेख लिहिला. आलेखाला रस्त्याचे चित्र समजणे हा त्यांतला एक. दुसरा त्याहून चिवट: जिथे रेघेचा चढ पाहायचा तिथे उंची पाहणे. दोन रेघांपैकी या क्षणी कोण जास्त जोरात चालला आहे असे विचारले, की जिची रेघ वर आहे तिचे नाव घ्यायचे. वर असणे म्हणजे पुढे असणे. जोरात असणे निराळे. पुढे असलेला माणूस झाडाखाली झोपलेलाही असू शकतो, हे सशा-कासवाच्या गोष्टीपासून आपल्याला ठाऊक आहे. तरीही कागदावर आपण फसतो.

त्याच विद्यापीठात १९८० च्या सुमारास आणखी एक प्रयोग झाला होता. दोन गोळ्या शेजारशेजारच्या पन्हळींतून सोडायच्या आणि विचारायचे, की दोघींचा वेग सारखा कधी झाला? पुष्कळांनी सांगितले, एक दुसरीला ओलांडून जाते त्या क्षणी. त्या क्षणी जागा सारखी होती, एवढेच. वेगाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

हे वाचले आणि मला आमची मिरज-पुणे लाईन आठवली. या मार्गाने सुट्टीत सांगली-सातारा केलेल्या प्रवाशाला ‘क्रॉसिंग’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शंभराहून अधिक वर्षे हा मार्ग एकेरी होता. आधी मीटरगेज, १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज, पण रूळ एकच. दुहेरी मार्गाचे काम अलीकडच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने होत आले. तोवर ताकारी, भवानीनगर, शेणोली, मसूर अशा स्टेशनांवर गाडी का थांबली असे विचारावे, तर डब्यातले चार जण एका सुरात सांगत, “क्रॉसिंग आहे.” समोरून येणारी गाडी धडधडत निघून जाई आणि मग आपली हलत असे. आता पाहा, त्या क्षणी दोन्ही गाड्या एकाच जागी, एकाच वेळी. एकीची चाल पूज्य, दुसरीची तासाला ७०-८० किलोमीटर. कागदावर एक सपाट रेघ आणि तिला छेदून जाणारी एक खडी रेघ. भाच्याला हे सांगताच तो उडालाच. “म्हणजे रेघा कापतात तिथं क्रॉसिंग!” तो म्हणाला. हा अर्थ मी त्याला सांगितला नव्हता. त्याचा तोच त्याला सापडला, आणि तो शंभर टक्के बरोबर होता.

कारण रेल्वेचा सारा कारभारच अशा रेघांवर चालतो. कंट्रोलरूममध्ये एक मोठा तक्ता असतो. एका बाजूस स्टेशनांची नावे, जितके किलोमीटर दूर तितक्या प्रमाणात दूर मांडलेली. दुसऱ्या बाजूस तास आणि मिनिटे. प्रत्येक गाडीची एक रेघ. पूर्वी कंट्रोलर मंडळी ती पेन्सिलीने ओढीत, आता हे काम बव्हंशी संगणकावर चालते. साताऱ्याकडून मिरजेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा एका बाजूस झुकलेल्या, उलट येणाऱ्यांच्या दुसऱ्या बाजूस. एक्स्प्रेसची रेघ खडी, पॅसेंजरची रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी, कारण ती दर स्टेशनाला श्वास घेते: कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव. मालगाडीची रेघ मधेच लांबलचक सपाट होते, ती कुठल्या तरी लूपलाईनीवर मुक्कामाला असते. एकेरी मार्गावर या तक्त्याचा एक नियम असा, की दोन रेघा स्टेशनाच्या नावासमोरच एकमेकींना कापल्या पाहिजेत. किर्लोस्करवाडी आणि भिलवडी यांच्यामध्ये, उसाच्या फडाजवळ त्या कापताना दिसल्या, तर तो तक्ता बनवणाऱ्याची नोकरी आणि प्रवाशांचे प्राण दोन्ही धोक्यात! फ्रान्समध्ये पॅरिस ते लियाँ मार्गाचा असा एक तक्ता एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या पुस्तकात छापला आणि तो ईब्री नावाच्या इंजिनिअरच्या पद्धतीचा असल्याचे सांगितले. कागदाच्या एका तुकड्यावर दिवसभराच्या साऱ्या गाड्या एकदम दिसतात, याचे त्या काळी लोकांना फार कौतुक वाटले. मला आजही वाटते.

येथवर रेघा सरळ होत्या. पण कुठलीही गाडी एकदम ८० च्या चालीने निघत नाही. ती हळूहळू जोर धरते आणि रेघ सरळ न राहता वाकत वाकत खडी होते. मग तिचा चढ कुठला धरायचा? सुरुवातीचा, की शेवटचा? उत्तर असे, की ज्या क्षणाचे विचारता त्या क्षणाचा. त्या ठिकाणी रेघेला नुसती चाटून जाणारी एक पट्टी लावायची आणि पट्टीचा चढ मोजायचा. आमच्याकडे या कल्पनेला फार जुने नाव आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा विचार केला आहे. चंद्राची गती क्षणाक्षणाला पालटते, तेव्हा दिवसभराच्या ढोबळ गतीने तिथी कधी संपते ते नेमके कळत नाही. त्यासाठी त्या घडीची गती हवी. लक्ष्मीपूजनाची अमावास्या किती वाजता लागते यावरून दर दोन-चार वर्षांनी घराघरांत जो वाद रंगतो, त्याच्या मुळाशी हीच तात्कालिक गती आहे. ‘तात्कालिक’ हा शब्द आता आपण तात्पुरत्या नोकरीसाठी वापरतो, ही त्या शब्दाची उतरती कळा.

भाच्याचा दुसरा गोंधळ त्याच पानावर खाली होता. तेथे उभ्या रेघेवर अंतराच्या जागी वेग मांडलेला होता. रेघ वर जाऊन मग खाली आली होती. मघाचा धडा पाठ झालेला, म्हणून त्याने ठणकावून सांगितले, “इथून गाडी परत फिरली.” पण येथे खाली येते आहे ती चाल. गाडी पुढेच जाते आहे, फक्त हळू होते आहे, स्टेशन जवळ आले असेल. रेघ अगदी तळाशी टेकेल तेव्हा ती थांबेल. या आलेखाच्या चढाला पुस्तकात त्वरण म्हणतात. रेघेचा आकार तोच आणि अर्थ दुसरा. म्हणून आकृती पाहताच आधी उभ्या रेघेवर काय लिहिले आहे ते वाचावे, एवढे मी त्याला वहीच्या कोपऱ्यात लिहून दिले.

चाल कमी होणे आणि मागे फिरणे यांतला हा फरक मोठ्या माणसांनाही कुठे कळतो? वर्तमानपत्रात ‘महागाईचा दर घटला’ असा मथळा येतो आणि आमच्या शेजारच्या वहिनी वाण्याची यादी घेऊन भांडायला उभ्या राहतात. “कुठं घटलीय महागाई? हरभरा डाळ तर गेल्या दिवाळीपेक्षा महागच आहे!” त्यांचे बरोबर असते आणि वर्तमानपत्राचेही. समजा, एका वर्षी १०० रुपयांची वस्तू ११० ला गेली आणि पुढच्या वर्षी ११० ची ११५ ला. भाव चढतच आहेत. चढण्याचा जोर कमी झाला. दर घटला म्हणजे रेघ कमी खडी झाली. ती खाली वळली असे कोणी म्हटलेले नसते. चकलीच्या भाजणीला त्याचा उपयोग शून्य, हे वहिनींचे म्हणणे मला मान्य आहे.

डाळीच्या बाबतीत ही चूक दोन रुपयांत भागते. पुराच्या बाबतीत तसे नसते. सांगलीकराला आयर्विन पुलाबद्दल काही सांगायला नको. १९२९ साली बांधून झालेला हा पूल आमची फूटपट्टी आहे. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न, “आयर्विनला किती?” २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या जवळपास गेले होते आणि त्या पुराच्या खुणा गावभागातल्या पुष्कळ भिंतींवर जपलेल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टात कोयनेच्या, वारणेच्या, कृष्णेच्या साऱ्या खोऱ्यावर पाऊस कोसळू लागला, तेव्हा लोक त्या जुन्या खुणांकडे बोट दाखवून म्हणत होते, “पाच साली इथवर आलं होतं. त्याच्या वर काय येतंय?” हे उंची पाहणे झाले. पाणी त्या वर्षी ५७ फुटांच्या वर गेले.

गावभागात माझी आत्या राहते. वय तेव्हा ७६. दुधाचा हिशेब सोडला तर गणिताशी तिचा संबंध नाही. पाणी गल्लीत शिरून वाड्याच्या दगडी पायऱ्यांना लागले, तेव्हा तिने चुलीतला जुना कोळसा काढला आणि जिन्याच्या भिंतीवर पाण्याच्या काठाशी एक रेघ ओढली. तासाने दुसरी, आणखी तासाने तिसरी. मग तिने रेघांमधले अंतर बोटांनी मोजले. चार बोटे, पुन्हा चार बोटे. पाण्यापासून उंबरठा दोन हात वर होता. हाताची २४ बोटे, दोन हातांची ४८. तासाला चार. “बारा तास आहेत,” ती म्हणाली. “उजाडायच्या आत निघायचं.” सगळी कागदपत्रे, औषधे, देव आणि गॅसची टाकी यांसह ती रात्री नऊला आमच्याकडे विश्रामबागेत आली. तिच्या समोरच्या वाड्यातले एक सद्गृहस्थ भिंतीवरच्या २००५ च्या खुणेवर भरवसा ठेवून थांबले. त्यांना दुसऱ्या दिवशी माडीच्या खिडकीतून नावेत उतरवावे लागले. जिवाला धक्का लागला नाही, पण त्यांची आयुष्यभर जमवलेली पुस्तके गेली. त्यांतली निम्मी मी वाचायला नेत असे, म्हणून मला ते दुःख जास्त.

पुढे दोन-तीन दिवसांनी ‘पाणी वाढण्याचा वेग मंदावला’ असे सांगितले जाऊ लागले. आमच्या घरी आश्रयाला आलेल्या दोघा-तिघांनी लगेच पिशव्या भरल्या. पाणी उतरायला लागले, आता घर धुवायला जायला हवे, असा त्यांचा समज. आत्या पलंगावरून म्हणाली, “बसा खाली. पाणी दमलंय, वळलं नाही अजून.” ते बसले. कृष्णा त्यानंतरही चढतच होती. आधी जितकी चढे त्याहून कमी, मग त्याहून कमी, आणि मग एके दिवशी ती थांबली. आणि थांबल्यावरही हलेना, हरिपूरच्या संगमापासून सगळीकडे नुसते तांबडे पाणी. ते हळूहळू उतरत गेले तेव्हा कुठे मंडळी झाडू घेऊन निघाली.

त्या वर्षी दिवाळीला रंगारी आला. वाड्याच्या भिंती चिखलाने छातीच्या वरपर्यंत माखल्या होत्या आणि जिन्यावरच्या कोळशाच्या रेघा पुसट दिसत होत्या. आत्याने तेवढा तुकडा सोडून बाकी सगळे रंगवून घेतले. यंदा जुलैत मी भाच्याला तेथे घेऊन गेलो. तो जिन्यात उकिडवा बसला, बोटांनी अंतरे मोजू लागला, आणि मग वही काढून आडव्या रेघेवर वेळ आणि उभ्या रेघेवर बोटे मांडू लागला. आत्या म्हणाली, “अरे, खालच्या दोन रेघा पुसल्या गेल्यात. त्या मी तोंडी सांगते, लिहून घे.”